घडविणे आणि राखणे : संगणकशिक्षणातील एक दुर्लक्षित विद्या

कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत कोनशिलेचे छायाचित्र असतेच. पायाभरणी कोणी केली, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, देणगी कोणी दिली, याची नोंद त्या शिलेवर कोरलेली असते आणि ती असणे योग्यही आहे. परंतु दर मृगापूर्वी छपरावर चढून फुटकी कौले बदलणाऱ्याचे, टाकीची गळती काढणाऱ्याचे किंवा पहाटे उठून अंगण झाडणाऱ्याचे नाव कोठे कोरलेले आम्ही पाहिलेले नाही. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला मात्र हे अनुभवाने ठाऊक असते की, इमारत एकदाच बांधली जाते आणि पुढे रोज राखावी लागते.

या शाळेतून बाहेर पडून संगणकक्षेत्रात स्थिरावलेले आम्ही काही माजी विद्यार्थी सुट्टीच्या दिवसांत येथे येऊन मुलांचे वर्ग घेत असतो. त्या अनुभवातून बनलेले एक मत या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. ते असे की, आपल्याकडील संगणकशिक्षण मुलांना आज्ञावली लिहावयास शिकविते, पण लिहिलेली आज्ञावली तपासावयास आणि वर्षानुवर्षे चालती ठेवावयास शिकवीत नाही. ही उणीव लहान नाही. तिची किंमत बहुधा ज्यांना ती परवडत नाही अशांनाच मोजावी लागते.

प्रथम चाचणी म्हणजे काय ते पाहू. वर्गात मूल एक आज्ञावली लिहिते, दोन आकडे घालून पाहते, उत्तर बरोबर आले की वही मिटते. त्याच्या मते तपासणी झाली. वास्तविक त्याने आपली आज्ञावली बरोबर आहे अशी स्वतःची समजूत काढून घेतली, एवढेच झाले. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विषयाचे मूळ तत्त्व मांडले : चाचणी ही दोष शोधण्याच्या हेतूने करावयाची असते. हेतू बदलला की दृष्टी बदलते. आज्ञावली चालते हे दाखवावयाचे असेल, तर मन आपोआप सोयीचे आकडे निवडते. ती कोठे मोडते हे शोधावयाचे असेल, तर मन अडचणीच्या जागांकडे वळते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वसतिगृहाचा नियम आहे की, सलग तीन किंवा अधिक दिवस रजेवर असलेल्या विद्यार्थ्याला भोजनखर्चात वजावट मिळावी. आज्ञावली लिहिणाऱ्याने ‘तीनपेक्षा अधिक’ असे लिहिले, तर पाच दिवसांच्या रजेवर उत्तर बरोबर येईल आणि एका दिवसाच्या रजेवरही बरोबर येईल. चूक सापडेल ती फक्त तीनवर. म्हणून दोन, तीन आणि चार या सीमेलगतच्या आकड्यांवर आज्ञावली पारखून घ्यावी, असे हे शास्त्र सांगते. पुढे विचार करावा : रजा महिनाअखेरीस सुरू होऊन पुढच्या महिन्यात संपली तर? अठ्ठावीस फेब्रुवारी ते एक मार्च ही रजा २०२३ साली दोन दिवसांची होती आणि २०२४ साली तीन दिवसांची. पहिल्या वर्षी वजावट नाही, दुसऱ्या वर्षी आहे. परतण्याची तारीख चुकून जाण्याच्या तारखेच्या आधीची लिहिली गेली तर? रजेचा रकाना रिकामाच राहिला तर? हे प्रश्न विचारण्यास महागडा संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडा संशयी स्वभाव एवढे साहित्य पुरते. आमच्या वर्गात हा नियम फळ्यावर लिहून दिला असता, इयत्ता आठवीच्या मुलांनी अर्ध्या तासात वीसएक शंका काढल्या. त्यांतील काही आम्हांसही सुचल्या नव्हत्या.

अर्थात सर्व शक्यता तपासून पाहणे कोणालाच शक्य नसते. संगणकाच्या भाषेतील बत्तीस द्विमान अंकांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली घेतली आणि सेकंदाला शंभर कोटी या वेगाने एकेक जोडी तपासत गेलो, तरी सर्व जोड्या संपण्यास सुमारे ५८४ वर्षे लागतील. म्हणूनच, चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी बजावून ठेवले आहे. या मर्यादेतच चाचणीचे कौशल्य आहे. असंख्य शक्यतांतून थोड्या, पण नेमक्या निवडावयाच्या असतात, आणि ती निवड अभ्यासाने व माणसांच्या जगण्याच्या ओळखीने साधते.

ही विद्या किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी थेरॅक-२५ या यंत्राची हकीगत प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारे हे यंत्र अमेरिका आणि कॅनडात वापरात होते. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली गेली. त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रांत असा प्रसंग रोखणारे यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून सारी भिस्त आज्ञावलीवर ठेवण्यात आली आणि जुन्या आज्ञावलीचे काही भाग तसेच वापरण्यात आले. अपघातानंतर, यंत्राकडून असे होणेच शक्य नाही, असे उत्पादकांचे म्हणणे होते. दोष उघडकीस आणला तो टेक्सासमधील एका रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालविणाऱ्या कर्मचारी स्त्रीने. पडद्यावर आलेला तो त्रुटिसंदेश पुन्हा आणण्यासाठी दोघांनी तीच कृती परत परत करून पाहिली. तेव्हा उमगले की, सराईत हाताने झटपट माहिती भरून लगेच दुरुस्ती केली तरच यंत्र चुकते. सावकाश भरणाऱ्याला दोष दिसतच नाही. ज्यांनी यंत्र घडविले त्यांना जे दिसले नाही, ते रोज यंत्रापाशी उभे राहणाऱ्यांनी चिकाटीने दाखवून दिले. चाचणीची सारी विद्या या एका प्रसंगात सामावलेली आहे : दोष पुन्हा घडवून आणणे, कोणत्या पायऱ्यांनी तो घडतो हे लिहून ठेवणे, आणि ‘असे होणारच नाही’ या वाक्यावर विश्वास न ठेवणे. ऐकीव म्हणून काही मानू नये, तपासून पाहावे, ही शिकवण या वास्तूत वाढलेल्यांना नवी नाही.

आता देखभालीकडे वळू. लाकडाला वाळवी लागते, लोखंड गंजते. आज्ञावलीला यांपैकी काहीच होत नाही, मग तिची देखभाल कसली, असा प्रश्न मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. आज्ञावली झिजत नाही, पण तिच्याभोवतीचे जग बदलते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा देशभरातील दुकानांची बिले करणाऱ्या आज्ञावल्या आदल्या दिवसापर्यंत निर्दोष असूनही निरुपयोगी ठरल्या असत्या. स्वॅन्सन या अभ्यासकांनी १९७६ साली देखभालीचे तीन प्रकार सांगितले : सापडलेला दोष दुरुस्त करणे, बदललेल्या परिस्थितीशी आज्ञावली जुळवून घेणे, आणि वापरणाऱ्यांच्या गरजेनुसार ती अधिक चांगली करणे. पुढे त्यांत, दोष उद्भवण्यापूर्वीच डागडुजी करणे, हा चौथा प्रकार जोडला गेला. वापरात असलेली आज्ञावली सतत बदलत राहिली नाही, तर ती हळूहळू निकामी होत जाते, असा नियमच लेहमन यांनी मांडला आहे. आपल्या देशाच्या बाबतीत तर याचे विस्मरण होणे कृतघ्नपणाचे ठरेल. जुन्या आज्ञावल्यांत वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच गोंधळ उडेल, हे ओळखून जगभर जी दुरुस्तीची मोहीम चालली, तिच्यातील मोठे काम भारतीय संगणककर्मींच्या हातून झाले. आपल्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला परदेशात जी पत मिळाली, तिच्यात दुसऱ्याने लिहिलेले जुने वाचून, समजून घेऊन सुधारण्याच्या या कामाचा वाटा मोठा आहे.

देखभालीतील दिरंगाई काय करू शकते, याचा दाखला १९९१ च्या आखाती युद्धात मिळतो. शत्रूचे क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या पेट्रियट यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशाने वेळ मोजत असे. एक भागिले तीन ही संख्या जशी दशमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. राहिलेली चूक अतिसूक्ष्म असे, पण यंत्रणा जितकी अधिक काळ अखंड चाले तितकी ती साचत जाई. शंभर तासांनंतर ती सुमारे एकतृतीयांश सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे यंत्रणेची नजर चुकली आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. दोष त्यापूर्वीच लक्षात आलेला होता आणि दुरुस्त आज्ञावली तयारही झाली होती. ती धहरानला पोहोचली दुसऱ्या दिवशी. यंत्रणा फार वेळ अखंड चालवू नये, अशी सूचना आधी गेली होती, परंतु ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे तीत लिहिलेले नव्हते. मधूनमधून यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तरी संकट टळले असते. नेमके लिहिणे हा देखभालीचा अर्धा भाग आहे, ही गोष्ट आम्ही मुलांना याच प्रसंगावरून शिकवितो.

दूर देशांतील हे दाखले झाले. आता येथला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत येथे आलो असता, नववीतील एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरून देण्याचे काम आमच्याकडे आले. मुलाचे आईवडील हयात नव्हते. आजीने त्याला वाढविले होते. अर्जात वडिलांचे वार्षिक उत्पन्न आणि पालकांचा मोबाईल क्रमांक या चौकटी भरल्यावाचून पुढचे पान उघडत नव्हते. उत्पन्नाच्या जागी शून्य घातले, तर अर्ज ‘अवैध आकडा’ म्हणून अडे. आजीकडे मोबाईल नव्हता. गुरुजींनी आपला क्रमांक घातला, तर तो आधीच दुसऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जात वापरला गेला असल्याचे उत्तर आले. तीन संध्याकाळी आम्ही त्या पडद्यापुढे बसलो. अर्ज शेवटी गेला, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, एका शेजाऱ्याच्या क्रमांकावर. त्या तीन दिवसांतील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. तो मुलगा आम्हांला पुन्हा पुन्हा म्हणत होता, “दादा, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

त्याचे काहीही चुकले नव्हते. ती आज्ञावली लिहिणाराही दुष्ट नसावा. त्याच्या डोळ्यांपुढे जे कुटुंब होते, त्यात वडील होते, त्यांचे उत्पन्न होते आणि घरात प्रत्येकाजवळ मोबाईल होता. असे नसलेले मूल त्या चाचणीच्या यादीत कोणी लिहिलेच नव्हते. ‘या नियमातून कोण सुटून गेले?’ हा चाचणी करणाऱ्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि तो ज्याला सहज सुचेल असा माणूस अशाच घरांतून येईल, अशी आमची खात्री आहे.

यंत्र बरोबर आणि माणूस चूक, हे गृहीत धरण्याची सवय किती भयंकर असते, हे ब्रिटनमधील टपाल खात्याच्या होरायझन प्रकरणाने दाखविले. १९९९ पासून तेथील टपाल शाखांत ही हिशेबप्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि २०१५ पर्यंत ९०० हून अधिक शाखाचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. कित्येकांना तुरुंगवास झाला, घरे गेली, संसार मोडले. असा त्रास फक्त तुम्हांलाच होतो आहे, असे त्यांतील अनेकांना सांगण्यात येत होते. प्रणालीत दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ साली संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या. वीस वर्षे ही माणसे जे म्हणत होती ते खरे होते. फक्त यंत्रापुढे त्यांच्या शब्दाला वजन नव्हते.

आपल्या मुलांजवळ आणखी एक जमेची बाजू आहे, ती भाषेची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा फरक राखता न येणाऱ्या आज्ञावल्या आम्ही पाहिल्या आहेत. ‘अ‍ॅड’ आणि ‘ॲड’ हे शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे असू शकतात, आणि मग एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. संगणकाच्या संकेतक्रमात तो ‘ल’ च्या पाठोपाठ येतो, त्यामुळे यादी लावताना घोळ होतो. ‘क्षितिजा’ हे नाव आपण तीन अक्षरांचे मानतो. युनिकोडमध्ये त्याचे आठ घटक होतात आणि साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत त्यास चोवीस बाइट जागा लागते. नावासाठी वीसच बाइट राखून ठेवणाऱ्या आज्ञावलीत त्या मुलीचे नाव शेवटी तुटेल. मराठी वाचता-लिहिता येणारे मूल हे दोष पाहताक्षणी ओळखते. त्या ओळखीला शास्त्राची जोड देणे, एवढेच शिक्षकांनी करावयाचे आहे.

असे असूनही या कामाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी काय आहे? येथून शिकून गेलेल्या अनेकांची पहिली नोकरी चाचणी किंवा देखभाल विभागात लागते. गावी फोन करताना ते संकोचाने सांगतात, “सध्या टेस्टिंगला आहे, पुढे डेव्हलपमेंटला जाईन.” नवे घडविणारा श्रेष्ठ आणि झालेले तपासणारा, दुरुस्त करणारा कनिष्ठ, ही उतरंड संगणकाने निर्माण केलेली नाही. झाडणाऱ्याला, धुणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला खाली बसविण्याची जी जुनी खोड आपल्या समाजाला आहे, तीच नवे कपडे घालून वातानुकूलित कचेरीत शिरली आहे. आपल्या आज्या-आजोबांच्या वाट्याला ती कशी आली, हे या शाळेच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. म्हणूनच आपल्या मुलांनी तरी तिच्यापुढे मान खाली घालू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

मात्र खोटा दिलासाही देऊ इच्छित नाही. पगार आणि बढती यांत अनेक ठिकाणी भेद आहे. ठरलेल्या पायऱ्या यांत्रिकपणे दाबत बसण्याचे काम झपाट्याने स्वयंचलित होत आहे, आणि तेवढेच येत असेल त्याची नोकरी सुरक्षित नाही. आता यंत्रच आज्ञावली लिहू लागले आहे, मग हे शिकून काय उपयोग, असेही विचारले जाते. आमच्या मते याचा अर्थ उलटा लागतो. लिहिणे जितके सोपे होईल तितके लिहिलेल्याचे ढीग वाढतील, आणि त्यातले विश्वासार्ह कोणते हे ठरविणारा माणूस तितकाच मोलाचा ठरेल. परंतु तो माणूस आज्ञावली वाचू शकणारा, लिहू शकणारा आणि वर तिच्यावर शंका घेऊ शकणारा असावा लागेल. चाचणी ही आज्ञावली लिहिता न येणाऱ्यासाठी काढलेली पळवाट आहे, हा समज म्हणूनच टाकून दिला पाहिजे.

या शाळेपुरत्या काही सूचना नम्रपणे मांडतो. प्रत्येक मुलाला एक दोषवही असावी. तीत दोषाची नोंद तीन भागांत करावी : काय केले, काय व्हावयास हवे होते, काय झाले. एकाची आज्ञावली दुसऱ्याने तपासावी, आणि दोष सापडणे हा लिहिणाऱ्याचा अपमान नाही, हे शिक्षकांनी आपल्या वागणुकीतून दाखवावे. दरवर्षी नवी आज्ञावली लिहून घेण्याऐवजी, ग्रंथालयाच्या पुस्तकनोंदीची एकच आज्ञावली ठेवावी आणि नववीच्या वर्गाने ती दहावीच्या वर्गाकडून वारशाने घ्यावी. दुसऱ्याने लिहिलेले वाचणे, त्याने न लिहून ठेवलेल्या गोष्टींमुळे अडणे, एक दोष काढताना दुसरा शिरला नाही ना हे पाहण्यासाठी जुन्या चाचण्या पुन्हा घेणे, आणि पुढच्या वर्गासाठी नीट टिपणे ठेवणे हे सारे त्यातून आपोआप घडेल. परीक्षेत आज्ञावली लिहिण्यास जितके गुण, तितकेच तिच्यातील दोष शोधण्यास असावेत. यासाठी नवी इमारत नको, मोठी देणगी नको. आहेत ती जुनी यंत्रे पुरेशी आहेत; जुनी असल्यामुळे देखभालीच्या पाठासाठी अधिकच योग्य आहेत.

तो नववीतला मुलगा आता महाविद्यालयात आहे. गेल्या सुट्टीत तो आमच्याबरोबर वर्ग घेण्यास आला होता. मुलांना त्याने एक नमुना अर्ज तपासण्यास दिला आणि फळ्यावर पहिली चाचणी स्वतःच्या अक्षरात लिहिली : “वडील नाहीत. आजी आहे. मोबाईल नाही.” मग तो मुलांकडे वळून म्हणाला, “अर्ज अडला तर आधी अर्ज तपासा. स्वतःला दोष नंतर द्या.” शाळेच्या पुढील वाटचालीत हे वाक्य प्रत्येक संगणकवर्गाच्या फळ्यावर असावे, एवढीच आमची इच्छा आहे.